सपाट माथ्याचा आलेख: माझ्या नेट-मीटरच्या नोंदी

नोंद १

कॉम्प्युटरच्या पडद्यावर, पॅनेलच्या कोपऱ्यात दोन आकडे हवेत, एवढीच हौस होती. खाली बाण आणि डाउनलोडचा वेग, वर बाण आणि अपलोडचा. जमलंच तर शेजारी सीपीयू आणि मेमरी. तयार साधनं ढिगानं आहेत: विंडोजवर रेनमीटर, लिनक्सवर कॉन्की, टर्मिनलमध्ये एचटॉप तर असतोच. कॉन्की मी बरीच वर्षं वापरला आणि तो चांगलाच आहे. पण त्यातला आकडा येतो कुठून, असं कुणी विचारलं असतं तर माझी ततपप झाली असती. म्हणून घरचा मीटर, लिनक्सवर, सुरुवातीला साध्या शेल स्क्रिप्टमध्ये.

पहिली गंमत ही की वेग असा कुठे लिहिलेलाच नसतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फक्त बाइट्स मोजत बसतो. प्रॉक फोल्डरात नेट आणि त्यात डेव्ह नावाची फाइल आहे. तिच्यात प्रत्येक इंटरफेसची (नेटच्या खऱ्या किंवा आभासी कार्डाची) एक ओळ, त्यात आजवर आलेले बाइट्स आणि गेलेले बाइट्स. नुसती चढत जाणारी संख्या, गाडीच्या ओडोमीटरसारखी. स्पीडोमीटर आपण करायचा: आत्ताचा आकडा वजा मघाचा आकडा, भागिले मधला वेळ.

तो ‘भागिले मधला वेळ’ मी गाळला होता. दर सेकंदाला वाचतेय, मग भागायचं कशाला? पण स्क्रिप्टला थांबवणारी स्लीप १ ही आज्ञा म्हणजे ‘किमान’ एक सेकंद. मशीन कामात गुंतलं की स्क्रिप्टला उशिरा जाग येते आणि सव्वा सेकंदाचे बाइट्स एका सेकंदाच्या खात्यात पडतात. केबलच्या क्षमतेपेक्षा जास्त वेग दिसला तेव्हा आधी हसू आलं, मग लाज वाटली. आता दर वेळी घड्याळ वाचून खऱ्या अंतराने भागते.

नोंद २

दोन दिवस मीटर जवळपास दुप्पट वेग दाखवत होता, तोही फक्त व्हीपीएन (नेटची वाहतूक गुप्त बोगद्यातून नेणारी सोय) चालू असताना. मी सगळ्या इंटरफेसच्या ओळींची बेरीज करत होते. व्हीपीएनचा बाइट आधी आभासी इंटरफेसवर मोजला जातो, आणि तोच बाइट वेष्टनासकट खऱ्या कार्डावर पुन्हा. लूपबॅकही त्या बेरजेत होता, म्हणजे मशीनमधला एक प्रोग्राम दुसऱ्याशी बोलला की माझ्या लेखी ‘डाउनलोड’. आता फक्त डीफॉल्ट राउट, म्हणजे बाहेर जायचा नेहमीचा रस्ता, ज्या खऱ्या कार्डावरून जातो तेवढंच मोजते.

त्याच आठवड्यात उणे वेगही पाहिला. यूएसबी वायफाय अडॅप्टर काढून परत लावला की काउंटर शून्यापासून सुरू होतो, मग नवा आकडा जुन्यापेक्षा लहान. अशी वजाबाकी आली की ती फेरी सोडून द्यायची, बस्स.

नोंद ३

एककांचं भांडण मिटवलं. नेटच्या जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो, आणि मध्ये आठाचा फरक. १०० मेगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. त्यात किलो म्हणजे १००० की १०२४ हा जुना वाद. मी सगळीकडे १००० धरलं, आणि पॅनेलवर मेगाबाइट ठेवले.

आकडे थरथरत होते म्हणून गुळगुळीत केले: ताज्या मापाचे तीन दशांश, जुन्या सरासरीचे सात दशांश. दिसायला सुरेख. त्या रात्री एक मोठी फाइल उतरवून झाली, खिडकी बंद केली, आणि दहा सेकंदांनंतरही मीटर म्हणतोय ३५० किलोबाइट येत आहेत. कोण ओढतंय? नेटहॉग्ज उघडला, तो प्रोग्रामनिहाय वेग दाखवतो. कुणीच नाही. फायरवॉलचे नियम वाचले, ब्राउझरची एक्स्टेन्शनं एकेक करून बंद केली. अर्धा तास साप साप म्हणून भुई धोपटली. शेवटी वहीत गणित मांडलं: १२.३ मेगाबाइटला दर सेकंदाला ०.७ ने गुणत गेलं की दहाव्या सेकंदाला उरतात साधारण ३५० किलोबाइट. माझ्याच सरासरीची शेपटी! आता ताजं माप शून्याजवळ आलं की सरासरीही लगेच शून्यावर आणते.

(आकड्यांना समान रुंदीचा फाँट लावा. नाहीतर ९.९ चा १०.० झाला की शेजारचं घड्याळ उजवीकडे उडी मारतं.)

नोंद ४

वर १२.३ म्हटलं ते उगाच नाही. या नोंदीचा नायक तोच.

पॅनेलमध्ये आकड्यांच्या मागे शेवटच्या दोन मिनिटांचा छोटा आलेख जोडला. लगेच बॅकअप घ्यायला बसले, घरातल्याच दुसऱ्या मशीनवरून या मशीनवर. दोन्हीकडे गिगाबिट कार्ड, मधल्या राउटरची पोर्ट्सही गिगाबिट. आलेख सरळ चढला आणि १२.३ वर जाऊन पठारासारखा सपाट झाला. फाइल कॉपीची खिडकी त्याच वेळी ११.७ च्या आसपास सांगत होती.

आधी या दोन आकड्यांतल्या फरकाने मला छळलं, पण तो रास्त निघाला. इथरनेटवर प्रत्येक पूर्ण भरलेल्या पॅकेटमागे तारेवर १५३८ बाइट्सची जागा जाते. त्यातले सुरुवातीचे इशारे, शेवटचे तपासणीचे बाइट्स आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा काउंटर धरत नाही, म्हणून १५१४ बाइट्स मोजले जातात. फाइलचा माल मात्र १४४८ च, बाकीचं इथरनेट, आयपी आणि टीसीपीचं हेडर, म्हणजे पाकिटावरचा पत्ता वगैरे. १०० मेगाबिटच्या तारेवर हिशेब केला तर काउंटरला १२.३ आणि कॉपीच्या खिडकीला ११.७७ दिसायला हवेत. दोन्ही जुळले. इतके जुळले की मला आनंदच झाला, आणि मग डोक्यात उजेड पडला: अगं, हे १०० मेगाबिटचं गणित आहे, तुझी तार गिगाबिटची आहे ना?

आकडा एकटा पाहिला असता तर मी ‘जुनी डिस्क असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. पण डिस्क अडली की आलेख असा दिसत नाही, तो दातेरी होतो. वायफाय अडलं की डोंगररांग दिसते. इस्त्री फिरवल्यासारखा सपाट माथा दिसला की कुठेतरी कुणीतरी ठरलेली मर्यादा घातलेली आहे असं समजायचं.

कार्डाने ठरवलेला वेग सांगणारा इथटूल चालवला. स्पीड: १००. डीमेसेगमध्येही, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, तीच ओळ, मशीन सुरू झालं तेव्हापासूनची, म्हणजे कर्नल पहिल्या मिनिटापासून सांगत होता आणि मी ऐकत नव्हते. विंडोजवाल्यांनी अडॅप्टरच्या स्टेटस खिडकीत पाहावं, तिथे स्पीडची ओळ असते.

मग टेबलाखाली टॉर्च घेऊन शिरले. केबल खुर्चीच्या चाकाखाली येत होती. एका जागी ती चपटी झालेली, बोटांनी दाबली की आत मऊ लागायची. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोनांपैकी एखादी तुटली तर जोडणी तुटत नाही. बरीच कार्डं गिगाबिटचे काही प्रयत्न फसल्यावर मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, तक्रार करायला जागा नाही. ड्रायव्हर बदलून झाला होता, राउटरची सेटिंग्ज धुंडाळून झाली होती, आणि दुखणं पायाशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

केबल बदलली. स्पीड: १०००. मीटरमध्ये आता एक बारीक भर घातली आहे: जोडणीचा ठरलेला वेग सिस फोल्डरात त्या इंटरफेसच्या नावाखाली स्पीड या फाइलीत मिळतो, तो आलेखावर फिकट रेघ म्हणून ओढते. आलेख रेघेला टेकला की तार अडली आहे, खालीच राहिला तर दुसरं कुणीतरी.

नोंद ५

नव्या केबलवर तोच बॅकअप पुन्हा सुरू केला. पहिला थोडा वेळ ११८ च्या आसपास, आणि मग धाडकन ४०. पुन्हा ११०, पुन्हा खाली. दातेरी करवत. आता खरंच डिस्कची पाळी होती, फिरती हार्ड डिस्क बिचारी.

हे घडताना पाहायचं असेल तर प्रॉकमधल्या मेमइन्फो फाइलीतली ‘डर्टी’ ही ओळ बघत राहा. आलेला माल कर्नल आधी रॅममध्ये ठेवतो आणि डिस्कवर सवडीने लिहितो. तेवढा वेळ नेटला वाटतं समोरचा फारच चपळ आहे. लिहायचं बाकी असलेलं ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की (नेहमीच्या सेटिंगमध्ये उपलब्ध मेमरीच्या २० टक्के) कर्नल लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून धरतो, आणि नेटचा आलेख कोसळतो. नेटवर्कच्या आलेखात डिस्कचा श्वास दिसतो म्हणा ना.

त्याच वेळी लोड ॲव्हरेज (रांगेतल्या कामांची सरासरी) ५ च्या वर आणि सीपीयू ९० टक्के रिकामा. बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो, माझाही झाला होता. लिनक्सचा लोड म्हणजे नुसती सीपीयूसाठीची रांग नाही. डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेल्या, मध्येच उठवता न येणाऱ्या प्रोसेससुद्धा त्यात मोजतात, आणि हे १९९३ पासून तसंच आहे. म्हणून लोड बघून सीपीयूला दोष देऊ नये.

मी लोड काढूनच टाकला. त्याऐवजी प्रॉकमधल्या प्रेशर फोल्डरातले आकडे घेतले. कर्नल ४.२० पासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून ते आहेत. सीपीयू, मेमरी आणि आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन), तिघांच्या वेगळ्या फाइली. गेल्या १० सेकंदांत, ६० सेकंदांत आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ कुणीतरी ताटकळत होतं हे त्या सांगतात. माझ्या मते डेस्कटॉपवर ‘मशीन का अडकतंय’ या प्रश्नाला यापेक्षा सरळ उत्तर दुसरं नाही. मेमरी किती ‘वापरली’ हा आकडा तर मी केव्हाच सोडला. रिकामी रॅम कर्नल कॅशेला वापरतोच, बघायची ती ‘अव्हेलेबल’ची ओळ.

सीपीयूचं एकच: आठ कोअरच्या मशीनवर एक प्रोग्राम एका कोअरला घट्ट धरून बसला तर एकूण आकडा साडेबारा टक्के. सगळं निवांत वाटतं आणि तो प्रोग्राम गोठलेला. म्हणून सरासरीच्या शेजारी सगळ्यात व्यग्र कोअरही दाखवते.

नोंद ६

पंखा का वाजतोय म्हणून पाहिलं तर माझाच मीटर. शेल स्क्रिप्ट दर सेकंदाला मजकूर चाळणारे ग्रेप, ऑक, कट असे सहा प्रोसेस जन्माला घालत होती. सहा गुणिले ८६,४००, म्हणजे दिवसाला पाच लाखांहून जास्त. नव्या प्रोसेसला मिळणारा क्रमांक डोळ्यांदेखत पळत होता. आता सगळं एका पायथन प्रोग्राममध्ये आहे. फाइल उघडायची, वाचायची, ओळ तोडायची, कुणाला बोलवायचं नाही. फेरीही दोन सेकंदांवर नेली. वाजणारा पंखा शांत झाला आणि डोळ्यांना काहीही फरक जाणवला नाही.

नोंद ७

तिसरा आकडा आला: पिंग, म्हणजे छोटं पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ. एका व्हिडिओ कॉलमध्ये माझा आवाज तुटत होता आणि मीटरवर डाउनलोड जेमतेम. अपलोड मात्र रेघेला टेकलेलं, सपाट माथा पुन्हा! ही रेघ मी हाताने ओढलेली आहे, कारण इंटरनेट जोडणीची मर्यादा कार्डाला माहीत नसते. फोटोंचा बॅकअप वर चढत होता. पिंग एरवी १५ मिलिसेकंद, तेव्हा ४०० च्या पुढे.

याला बफरब्लोट म्हणतात. हे नाव २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी रुळवलं. राउटरच्या बफरमध्ये पॅकेटांची लांबच लांब रांग लागते, पॅकेट हरवत नाहीत पण ताटकळतात. स्पीड टेस्ट अशा वेळीही छान आकडा देईल. म्हणून पिंग दोनदा मोजा: जोडणी रिकामी असताना आणि अपलोड भरलेलं असताना. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट असेल तर दुखणं वेगाचं नाहीच.

राउटरमध्ये रांग सांभाळणारी सोय होती, एफक्यू-कोडेल, पण बंद. ती चालू केली आणि अपलोडची मर्यादा खऱ्या क्षमतेच्या थोडी खाली, ९० टक्क्यांवर बांधली, म्हणजे रांग लागलीच तर ती माझ्या राउटरमध्ये लागेल, पुढच्या कुणाच्या नाही. भरल्या अपलोडमध्ये पिंग आता ३० च्या आत राहतो. दहा टक्के वेग दिला, त्याची खंत नाही.

बाकी आहे ते तापमान. तापलं की सीपीयू स्वतःचं घड्याळ हळू करतो आणि वापराचा आकडा तरीही १०० टक्केच दिसतो, म्हणजे तो शंभर कशाचा हे फ्रिक्वेन्सीशिवाय कळत नाही. पुढच्या नोंदीत ती ओळ आलेखावर असेल. चपटी केबल फेकलेली नाही, गाठ मारून खणात ठेवली आहे. मीटरची ती फिकट रेघ तपासायला १०० वर उतरणारी केबल मुद्दाम शोधून मिळत नाही.