बेळगाव पायी: पेठ, किल्ला, कॅम्प आणि शहापूर

बेळगावात नव्याने राहायला आलात किंवा चार दिवसांच्या मुक्कामाला, पहिल्या दिवशी रिक्षा करू नका. किल्ल्याशेजारची जुनी पेठ, पश्चिमेला ब्रिटिशांनी आखलेला कॅम्प म्हणजे लष्करी छावणी आणि रेल्वेरुळांपलीकडचे शहापूर मिळून आजचे शहर झाले आहे. शहापूर तर सांगली संस्थानाच्या मुलखात होते. तीन कारभार, तीन तऱ्हेचे रस्ते. गाडीतून हा फरक निसटतो, पायांना तो लगेच कळतो.

आम्ही सुरुवात किल्ल्यापासून केली, तुम्हीही तशीच करा. मध्यवर्ती बसस्थानकापासून तो चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. सकाळी सातच्या सुमारास निघालात तर ऊनही नसते आणि वाहनेही कमी. खंदक ओलांडून आत शिरताना गणपती आणि दुर्गादेवीची देवळे लागतात. पुढे कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने 1204 साली बांधलेली, तीर्थंकर नेमिनाथांची. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर थोडा वेळ काहीच दिसत नाही. घाई न करता मंडपाच्या मधोमध उभे राहा आणि डोळे सरावले की वर पाहा. छतातून खाली उमललेले दगडी कमळ दिसते, 72 पाकळ्यांचे. एकेका पाकळीची कड शोधत पाहायला दहा मिनिटे तरी द्यावीत. बहुतेक लोक आत डोकावून लगेच परततात, ही मोठी हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम आहे. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावी आले, तेव्हा काही दिवस त्यांचा मुक्काम किल्ल्यात होता. लष्कराच्या पाट्या दिसतील तिथे कॅमेरा पिशवीत ठेवा. कॅम्पातही हाच नियम पाळा.

पेठेत साडेदहानंतर जा, त्याआधी निम्मी दुकाने बंद असतात. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड हा भाग मोबाइलच्या नकाशावर फिरण्यासारखा नाही. गल्ल्या जवळजवळ आहेत आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. त्यापेक्षा इथली माणसे सांगतात तसे चला: खूट म्हणजे चौक, वेस म्हणजे जुन्या गावात शिरायचे दार. शनिवार खूट, यंदे खूट, बोगारवेस, गोवावेस एवढी नावे पाठ झाली की कुणालाही विचारता येते. रस्त्यावरच्या पाट्या बहुतेक कानडीत असतात, पण दुकानदाराला मराठीत बिनधास्त विचारा, "मामा, बोगारवेशीकडे कसं जायचं?" एक खबरदारी घ्या. खडेबाजार दोन आहेत, एक बेळगावचा आणि एक शहापूरचा. पत्ता घेताना कुठला ते विचारून घ्या, नाहीतर रूळ ओलांडून पलीकडे जाऊन पोहोचाल. किर्लोस्कर रोडवरून जाताना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण ठेवा. 1888 साली याच गावात त्यांनी सायकलचे दुकान काढले आणि पुढचा सगळा कारखानदारीचा पसारा त्यातून उभा राहिला. पेठेत फुटपाथ जवळजवळ नाहीत. उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी दुचाकी दिसते.

पेठेतून कपिलेश्वर मंदिर आणि तिथून रेल्वेचा उड्डाणपूल ओलांडून शहापूर. श्रावणी सोमवारी मंदिरापाशी रेटारेटी असते, तेव्हा शहापूरची फेरी दुसऱ्या वारी ठेवा. शहापुरातून वडगावकडे सरकलात की घराघरांतून मागांचा खडखडाट ऐकू येतो. साड्या विणल्या जातात. दारातून डोकावण्याआधी "काकू, बघू का?" असे विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत.

याच फेरीत मांडे, म्हणजे पातळ गोड पोळ्या, करताना पाहायला मिळाले तर थांबाच. गोळा आधी लाटतात, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत इतका पातळ करतात की पलीकडचा हात दिसतो. तो उपड्या, तापलेल्या भांड्यावर टाकतात, पिठीसाखर भुरभुरवतात आणि गरम असतानाच घडी घालतात. निवला की तो कडक होतो आणि घडी घालताना तुटतो. म्हणून मांडे नेताना डब्यात, पिशवीच्या अगदी वर ठेवायचे. कुंदा ही इथली मिठाई दुधाची आहे, गरमीत फार दिवस ठेवू नका. आधी थोडा चाखा आणि परतायच्या दिवशीच बांधून घ्या.

टिळकवाडी आणि कॅम्प दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. दोन्हीकडे रस्ते रुंद, झाडे मोठी, त्यामुळे दुपारीही चालवते. काँग्रेस रोडवर काँग्रेसच्या 1924 च्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आणि त्या अधिवेशनाचे स्मारक वीरसौध आहे. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले काँग्रेसचे हे एकमेव अधिवेशन. टिळकवाडीतले पत्ते पहिले, दुसरे, तिसरे रेल्वे गेट असे सांगतात. गेट पडले तर काही मिनिटे खोळंबा होतो, गाडी पकडायची असेल तर तेवढा वेळ हाताशी ठेवा.

कार्तिक ते माघ हा काळ उत्तम, पण पहाटे स्वेटर लागतो. वैशाखात दुपारनंतर वळीव गाठतो. आषाढात पावसाबरोबर वारा असतो, छत्री उलटते. रेनकोट आणि लवकर वाळणाऱ्या सँडल घाला, बूट दोन दिवस ओले राहतात.