पांढरे ठिपके धुतले गेले, रेघा राहिल्या

बाईंचं वय 52. गाठ नाही, दुखणं नाही, स्तनाग्रातून स्राव नाही. स्क्रीनिंग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण चाळणी तपासणी, असते ती अशा तक्रार नसलेल्यांसाठीच. हाताला काही लागत असेल तर ते नाव नोंदवतानाच सांगावं, कारण मग तपासणीच वेगळ्या पद्धतीने होते आणि सोनोग्राफी जवळजवळ ठरलेलीच असते.

आम्ही प्रत्येक स्तनाच्या दोन प्रतिमा घेतो. वरून घेतलेली सीसी आणि तिरकी एमएलओ. तिरक्या प्रतिमेत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसायला हवा. नाही दिसला, तर मागचा भाग मशीनबाहेर राहिला असं समजायचं. बहुतेकदा कारण ताठ धरलेला खांदा. “ताई, खांदा सोडा, हनुवटी वर घ्या” हे मी दिवसभर म्हणत असते. प्रतिमा घेताना स्तन पट्ट्यांमध्ये दाबावा लागतो. दाब काही सेकंदच असतो, पण नकोसा वाटतो खरा. तो कमी दिला तर ऊती एकमेकींवर चढतात, चित्र हलतं आणि क्ष-किरणही जास्त लागतात. चारही प्रतिमांचा मिळून डोस साधारण 0.4 मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून सुमारे सात आठवड्यांत मिळतो तेवढा.

डाव्या एमएलओमध्ये काखेजवळ पांढरेशुभ्र बारीक ठिपके उमटले. कॅल्शियमचे सूक्ष्म कण वेड्यावाकड्या आकाराचे आणि एका जागी घोळक्याने असले, की रेडिओलॉजिस्ट सावध होतात. हे ठिपके मात्र त्वचेच्या वळ्यांच्या ओळीत होते.

“डिओडरंट लावलंय का?”

“थोडंसंच, मॅडम. घाम येतो ना.”

घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार प्रतिमेत कॅल्शियमसारखेच दिसतात. काही पावडरी आणि मलमंही असाच घोटाळा करतात. काख पुसून प्रतिमा पुन्हा घेतली, ठिपके गेले. म्हणूनच त्या दिवशी छाती आणि काख कोरडी ठेवायची आणि दोन भागांचे कपडे घालायचे. पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरचा आठवडा निवडावा, स्तन कमी हुळहुळे असतात.

बाईंनी दोन वर्षांपूर्वीची सीडी आणली होती. नुसता कागदी रिपोर्ट नव्हे, प्रतिमा. त्यांच्या स्तनांची घनता ‘सी’ गटातली, म्हणजे ग्रंथींची ऊती भरपूर. ती पांढरी दिसते आणि कर्करोगही पांढराच दिसतो, त्यामुळे एक दुसऱ्यामागे लपतो. जुनी आणि नवी उजवी सीसी शेजारी लावल्यावर रेडिओलॉजिस्टचं बोट आतल्या बाजूला थांबलं. जुन्या प्रतिमेत स्तनाग्राकडे सरळ जाणाऱ्या रेघा आता एका जागी ओढल्या गेल्या होत्या. मधे गोळा असा काहीच नव्हता. एकट्या नव्या चित्रात हे नजरेतून सुटलं असतं, असं माझं मत आहे.

रिपोर्ट झाला बायरॅड्स 0 (बायरॅड्स म्हणजे मॅमोग्रामच्या निष्कर्षाला गट देण्याची ठरलेली पद्धत). ‘तपासणी अपुरी, आणखी प्रतिमा हव्यात’ एवढाच त्याचा अर्थ. पण शून्य वाचून कुणी निर्धास्त होतं, तर परत बोलावल्यामुळे कुणी हादरतं. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार 1000 जणींच्या स्क्रीनिंगमागे साधारण 100 जणींना परत बोलावतात आणि त्यांतल्या पाचएक जणींनाच कर्करोग निघतो.

मग लहान पॅडलने, म्हणजे दाब देणाऱ्या छोट्या पट्टीने, नेमक्या त्या जागी दाब दिला. नुसती एकावर एक आलेली ऊती असती तर ती पसरली असती. रेघा दोन्ही कोनांतून तशाच राहिल्या. सोनोग्राफीत 9 मिलिमीटरचा, काठ ओबडधोबड असलेला काळसर भाग सापडला. जागा बधिर करून 14 गेजच्या सुईने तुकडे घेतले, खुणेसाठी इवलीशी क्लिप ठेवली आणि पुन्हा मॅमोग्राम काढला. हा शेवटचा मॅमोग्राम रुग्णांना उगाचचा वाटतो. पण सोनोग्राफीत दिसलेली जागा आणि मॅमोग्राममधली जागा एकच आहे, हे त्यावरूनच पटतं. इथे क्लिप बरोबर रेघांच्या मध्यावर होती. बायोप्सीत इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा निघाला, म्हणजे दुधाच्या नलिकेतून सुरू होऊन आजूबाजूच्या ऊतीत शिरलेला कर्करोग.

किती वर्षांनी तपासायचं, यावर देशादेशांत एकमत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने 2024 मध्ये 40 ते 74 वयात दर दोन वर्षांनी असं सुचवलं. ब्रिटनमध्ये 50 ते 71 वयात दर तीन वर्षांनी बोलावतात. बीआरसीए जनुकात दोष असेल, ज्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो, तर सुरुवात लवकर होते आणि एमआरआयची जोड मिळते. दुसरी बाजूही सांगायला हवी: कधीच त्रास न देणारे काही कर्करोगही यात सापडतात आणि त्यांच्यावर उपचार होतात.

बायोप्सीच्या दिवशी बाईंची थोरली बहीण सोबत होती. तिच्या काखेजवळ गाठ लागत होती, पण “माझा मॅमोग्राम दोन महिन्यांपूर्वीच नॉर्मल आलाय” म्हणून ती गप्प होती. मॅमोग्राममधून साधारण आठातला एक कर्करोग निसटतो. हाताला लागणाऱ्या गाठीपुढे नॉर्मल रिपोर्ट चालत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला तपासून सोनोग्राफी करायला लावली. निघाली पाण्याची साधी गाठ, तिला काही करावं लागलं नाही.