उघडं पठार, थंड खिंड, दमट उतार: वाटेवरच्या पाण्याचा आणि मिठाचा हिशोब

वाटेचे तीन तुकडे पडतात. आधी दिवसभर सावली न देणारं पठार, मग विरळ हवेतली खिंड आणि शेवटी दमट जंगलातून खाली येणारा उतार. बूट, तंबू, नकाशा यांबद्दल इथे काही नाही. अंगातून किती पाणी-मीठ गेलं आणि ते कशातून भरून काढायचं, एवढंच या वृत्तांतात आहे. पुढे जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ठरवून निघावं: पाणी आणि खाणं यांचा हिशोब एकत्र ठेवायचा. नुसत्या बाटल्या मोजणारे पठारावरच फसतात.

पठारावर सहा तासांच्या चालीत पाण्याचा एकही झरा नाही, त्यामुळे माणशी साडेतीन लिटर पाणी पाठीवर घ्यावं लागतं. पाठीवर ओझं आणि डोक्यावर ऊन असताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, काहींचा त्याहून जास्त. एक लिटर घामात मिठातलं सोडियम साधारण ४६० ते १८०० मिलिग्रॅम असतं. पोटॅशियम मात्र १५० ते ३०० मिलिग्रॅमच. म्हणजे वाटेवर तातडीने भरून काढायचं ते मीठ. केळ्यांचा घड बरोबर घेऊन मिठाची पुडी विसरणं हा उलटा कारभार झाला. आपला घाम किती खारट आहे ते टोपीच्या कडेवर आणि पाठपिशवीच्या पट्ट्यांवर दिसतं. दुपारपर्यंत तिथे जाड पांढरी रेघ उमटत असेल तर मिठाच्या बाबतीत वरच्या आकड्याकडे झुकावं. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, पण त्यातलं मीठ कमी होतं. थंड हवेतून थेट पठारावर उतरलेल्यांना ही सवलत नसते.

चालताना प्यायचं पाणी असं करावं: एक लिटर पाण्यात पाव छोटा चमचा मीठ (बारीक मीठ, सपाट भरून, सुमारे दीड ग्रॅम), तीन मोठे चमचे साखर (३५ ते ४० ग्रॅम) आणि अर्ध्या लिंबाचा रस. यातून लिटरमागे सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. साखर फक्त चवीसाठी नाही. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहक प्रथिनावरून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून ओढलं जातं. पण साखर १० टक्क्यांच्या वर गेली की पोट सावकाश रिकामं होतं, चालताना आत डचमळतं आणि मळमळ सुरू होते. फळांचे डबाबंद रस नेमके याच घरात बसतात, म्हणून त्यात तितकंच पाणी आणि चिमूटभर मीठ घालावं. जाड मिठाच्या चमच्यात वजन कमी भरतं. त्यामुळे निघण्याआधीच काट्यावर दीड-दीड ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवलेल्या बऱ्या. वाऱ्यात चमचा सांभाळत बसावं लागत नाही. मिठाच्या गोळ्या कोरड्या गिळू नयेत, पोटात जळजळ होते आणि उलटीही होऊ शकते.

दोन बाटल्या ठेवाव्यात, एकीत हे पाणी आणि दुसरीत साधं. पाठीवरून नळीने पाणी ओढायच्या पिशवीत साखरेचं पाणी भरू नये. नळीत बुरशी धरते आणि ती धुऊन निघत नाही. दर तासाला थोडं खारं खाणंही हवं: मूठभर खारे शेंगदाणे, नाहीतर मीठ लावलेला उकडलेला बटाटा. सालासकट उकडलेल्या मध्यम बटाट्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, म्हणजे मध्यम केळ्यापेक्षा (सुमारे ४२०) थोडं जास्तच.

सगळ्यात मोठा धोका मात्र ‘भरपूर पाणी प्या’ या सल्ल्याचा. तहान नसताना, घड्याळ लावून, साधं पाणी ढोसणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम १३५ मिलिमोल प्रति लिटर या नेहमीच्या किमान पातळीच्या खाली येऊ शकतं. मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. श्रमात तीही क्षमता घटते, कारण पाणी रोखून धरणारं संप्रेरक वाढलेलं असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम असं खाली गेलेलं आढळलं, आणि धावताना वजन वाढणं ही त्यातली सर्वात ठळक खूण होती. वाटेवर ओळखायचं कसं? अंगठी रुतायला लागते, घड्याळाचा पट्टा घट्ट होतो, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लघवी मात्र पाण्यासारखी स्वच्छ असते. अशा माणसाला ‘अजून पाणी पी’ म्हणणं घातक आहे. पाणी थांबवावं, खारं काहीतरी खायला द्यावं. बोलणं असंबद्ध झालं, झटका आला किंवा शुद्ध हरपत असेल तर थेट दवाखाना. उलट, पाणी खरंच कमी पडलं असेल तर तहान तीव्र असते, तोंड कोरडं पडतं, लघवी गडद आणि थोडी होते, उभं राहिल्यावर गरगरतं. पोटरीत गोळे आले म्हणून लगेच मिठाला दोष देऊ नये. बऱ्याचदा तो थकलेल्या स्नायूचा प्रकार असतो आणि पोटरी हळूहळू ताणून धरली की सुटतो.

आपला घाम आपणच मोजता येतो. घरी, अशाच उन्हात केलेल्या सरावाच्या चालीआधी आणि नंतर, अंग पुसून, कमी कपड्यांत वजन करावं. समजा वजन १.२ किलोने उतरलं, मधे २.५ लिटर प्यायलं, ४०० ग्रॅम खाल्लं आणि अर्धा लिटर लघवी झाली. तर घाम झाला १.२ + २.५ + ०.४ − ०.५, म्हणजे ३.६ लिटर, सहा तासांत म्हणून तासाला ६०० मिलिलिटर. लिटरला ९०० मिलिग्रॅम सोडियम धरलं तर सव्वातीन ग्रॅम सोडियम, म्हणजे आठेक ग्रॅम मीठ गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली मर्यादा एरवीच्या दिवसांसाठी आहे, असल्या दिवसासाठी नाही. ही तूट चालतानाच भरायचा हट्ट नको. वजनातली घट २ टक्क्यांच्या आत राहिली की पुरे, उरलेलं संध्याकाळी.

संध्याकाळचं जेवण हेच खरं औषध. मुक्कामाला पोचल्यावर आधी खारट गरम सूप, मग दीड-दोन तासांत डाळ, बटाटा, भात, दही. वजनातल्या उतरलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी, तेही जेवणासोबत, घोट घोट. मिठाशिवाय एकदम प्यायलेलं पाणी रात्री तंबूबाहेर पळवतं, अंगात टिकत नाही. वाटीभर शिजलेल्या डाळीत ७०० मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम मिळतं. भाज्या उकळल्या की पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नये, सूपात घ्यावं. मॅग्नेशियमसाठी ३० ग्रॅम भोपळ्याच्या बिया पुरतात, त्यात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

खिंडीत चित्र पालटतं. तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत भराभर श्वासावाटे पाणी जातं आणि थंडीमुळे लघवीही वाढते. इथे गार बाटली हातात घ्यावीशी वाटत नाही, म्हणून थर्मासमध्ये कोमट सूप किंवा चहा. माफक चहा-कॉफीने शरीर कोरडं पडत नाही, दारूने पडतं. बर्फ वितळवलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, पण जेवण नीट असेल तर त्याने बिघडत नाही. डोकेदुखी मात्र पाण्यावर ढकलू नये. उंचीवर ती विरळ हवेची असू शकते. वाढत गेली, तोल जाऊ लागला, तर खाली उतरावं.

जंगलाच्या उतारावर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी जातं आणि गारवा मिळत नाही. चाल कमी करावी, तिथे जास्त पिणं हा उपाय नाही. जुलाबांची शक्यताही इथेच जास्त, कारण ओढ्याचं पाणी प्यावं लागतं. क्लोरीनची गोळी टाकली तर किमान अर्धा तास थांबून मगच लिंबू किंवा ओआरएस (जुलाबात द्यायची मीठ-साखरेची पूड) घालावं. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीन निकामी करतं आणि पाणी अशुद्धच राहतं.

ओआरएसचं पाकीट किती पाण्यासाठी आहे ते छापलेलं वाचावं. एक लिटरचं पाकीट पेल्यात ओतलं तर ते दाट पाणी आतड्यात उलट पाणी खेचतं आणि जुलाब वाढतात. २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मोठ्या माणसाने प्रत्येक जुलाबानंतर २०० ते ४०० मिलिलिटर घ्यावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा. कालवलेलं २४ तासांनी टाकून द्यावं. नारळपाणी ओआरएसची जागा घेत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम तोकडं. जुलाबात रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवीच थांबली तर वाटेवर उपचार करत बसू नये.

रक्तदाबाची, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असणाऱ्यांनी वरचे आकडे डॉक्टरांना दाखवूनच वापरावेत. काही गोळ्या पोटॅशियम अंगात अडवून धरतात, काही सोडियम खाली आणतात. ‘कमी सोडियमचं’ मीठ तर अशांनी न विचारता घेऊच नये, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. वयस्करांची तहान मंदावलेली असते, त्यांना प्रत्येक थांब्यावर पेला पुढे करावा.

परतल्यावर एक-दोन दिवस वजन जास्त दिसेल, घोटे किंचित सुजतील. स्नायूंमध्ये पुन्हा भरणारं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) सोबत पाणी धरतं आणि वाटेवर वाढवलेलं मीठही पाणी रोखतं. मीठ नेहमीवर आणलं, पाय उशीवर ठेवले की ओसरतं. सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा; लांबच्या बैठ्या प्रवासानंतर ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते.