आमारोने होईना, रेचोतो म्हणता येईना

मी इटलीत वेरोनाजवळ वाल्पोलिचेल्लात एका वायनरीच्या सेलरमध्ये काम करतो. मूळ तासगावचा, त्यामुळं द्राक्ष वाळवणं काय नवीन नाही, पण आपल्याकडं डिपिंग करून (म्हणजे द्रावणात बुडवून) शेडवर टाकलं की पंधरवड्यात बेदाणा तयार, आणि इथं कोर्विना, रोंदिनेल्ला या जातींची द्राक्षं क्रेटमध्ये एका थरात मांडून काही न लावता तीन-चार महिने नुसत्या वाऱ्यावर. वजन तिसरा हिस्सा तरी घटतं, बुरशी दिसली की तो घड बाहेर. क्रशिंग जानेवारीत, आणि त्यातून बनते आमारोने ही रेड वाईन.

तर फेब्रुवारीत आमारोनेच्या एका टाकीचं फर्मेंटेशन अडकलं, म्हणजे यीस्टनं साखरेचं अल्कोहोल करणं मधेच थांबलं. रोज सकाळी नळाला सॅम्पल काढायचं, काचेच्या नळकांड्यात साखरेचा अंदाज देणारा तरंगता मापक सोडायचा, आणि आकडा कालचाच! लॅब रिपोर्टमध्ये अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर, साखर अजून लिटरला ३० ग्रॅम. एवढ्या अल्कोहोलात आणि त्यात सेलरच्या थंडीत यीस्ट गारठून बसलेलं.

मालकांचं तोंड बघवत नव्हतं. आमारोने कोरडी, म्हणजे गोड नसलेली लागते, एवढी साखर नियमात बसत नाही. त्याच वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाईन म्हणजे रेचोतो, पण ती म्हणवायला ही पुरेशी गोड नाही. दोन्हींना २०१० पासून डीओसीजी, म्हणजे इटलीतला वाईनचा सगळ्यात वरचा सरकारी दर्जा, त्यामुळं लॅब टेस्ट, चव घेऊन पास करणारं कमिशन आणि मग बाटलीच्या गळ्याला नंबरवाली सरकारी पट्टी. नाहीच जमलं तर आयजीटी (त्याखालचा, सैल नियमांचा दर्जा) रोस्सो वेरोनेसे म्हणून विकायची, पण भाव पार खाली येणार. (आयजीटी म्हणजे हलकी असं मात्र समजू नका, टस्कनीची टिन्यानेल्लो ही वाईन आयजीटीच आहे आणि तिचा भाव ऐकून घाम फुटेल. तिथं नाव विकलं जातं, आमच्याकडं आमारोने हा शब्द.)

आमच्या एनोलॉजिस्ट (वाईनतज्ज्ञ) बाई शांत. टाकीच्या जॅकेटमधून, म्हणजे बाहेरच्या दुहेरी भिंतीतून, कोमट पाणी फिरवलं, आणि बाजूला छोट्या टाकीत जास्त अल्कोहोल सोसणारं यीस्ट गरम पाण्यात फुलवलं. मग त्यात अडकलेली वाईन थोडी थोडी घालत जायची, घाई केली की यीस्ट मेलंच म्हणून समजा. दिवसभर मी बादली आणि थर्मामीटर घेऊन तिथंच, जेवण पण उभ्यानं. संध्याकाळी छोट्या टाकीवर चांगला फेस धरला तेव्हा बाई म्हणाल्या, आता ओता. रात्री मोठ्या टाकीला कान लावला तर बारीक चुरचुर चालू, आणि सकाळी मापकाचा आकडा हलला होता!

पुढं साखर उतरली, वाईन काढून घेतली, चोथा राहिला. तोही वाया जात नाही, त्यावर साधी वाल्पोलिचेल्ला वाईन ओतून परत फर्मेंट केली की रिपास्सो ही वेगळी वाईन. म्हणजे एकाच बागेच्या मालातून साधी, रिपास्सो आणि आमारोने, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. आमारोनेला किमान दोन वर्षं मुरवावी लागते, ती अजून पिंपात आहे. कमिशनकडं सॅम्पल जाईपर्यंत मालक त्या पिंपाला कुणाला हात लावू देणार नाहीत, मला पण नाही.