मसाई मारा: लशीच्या कार्डापासून बारा तासांच्या तिकिटापर्यंत

केनियातल्या मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या राखीव क्षेत्राला जायच्या तयारीत मी सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस उरकली, विमानाचं तिकीट नंतर. भारताच्या यादीत केनिया पिवळ्या तापाचा देश आहे. त्यामुळे परतल्यावर मुंबईत इमिग्रेशनच्या आधीच्या आरोग्य काउंटरवर पिवळं कार्ड, म्हणजे या लशीचा दाखला, मागतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते ग्राह्य धरलं जातं. कार्ड नसेल किंवा दहा दिवस भरले नसतील, तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

ही लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ आणि पोर्ट हेल्थ ही त्यातली दोन. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बहुतेक केंद्रं ठरावीक वारी, मोजक्याच लोकांना बोलावतात. निघायच्या आठवड्यात फोन केलात तर तारीख मिळणं कठीण. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं चालू असतील किंवा वय साठीपुढचं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. दुसरी जिवंत विषाणूची लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी घ्यावी, नाहीतर ४ आठवड्यांनी. दाखला २०१६ पासून आयुष्यभरासाठी चालतो, ‘दहा वर्षांनी पुन्हा घ्या’ हा सल्ला जुना झाला. मात्र कार्डावर पासपोर्टचा नंबर असतो. पासपोर्ट नवा झाला असेल तर जुनाही सोबत ठेवावा.

पुढचं काम ईटीएचं. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ही ऑनलाइन परवानगी आणली. फी ३० डॉलर, वर क्रेडिट-डेबिट कार्डाने भरण्याचं थोडं शुल्क. अर्ज जाण्याआधी तीन महिन्यांच्या आत करता येतो आणि उत्तराला साधारण ३ कामाचे दिवस धरतात. मी दोन आठवडे हाताशी ठेवले होते. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र अर्ज लागतो. पासपोर्ट पोहोचल्यापासून सहा महिने वैध आणि त्यात एक तरी पान कोरं हवं. फोटो, विमानाचं आणि राहण्याचं बुकिंग अपलोड करायचं.

अर्ज अडतो तो बहुतेक नावापाशी. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात गेलेलं असतं. फॉर्ममध्ये ते गाळलं किंवा आडनावात ढकललं, तर दोन्ही कागद जुळत नाहीत. पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन ओळी असतात त्यातलं नाव जसंच्या तसं उतरवा. दुसरी गोष्ट, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींच्या साइट याच परवानगीचे कितीतरी जास्त पैसे घेतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओ डॉट केई’ असतं, तेवढं पाहिलं तरी पुरे. टांझानियातलं सेरेंगेटी जोडणार असाल तर तिथला व्हिसा वेगळा. १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडापुरताच आहे.

आता खरा खर्च: माराचं प्रवेश तिकीट. परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५०, त्याखाली फुकट. हे तिकीट २४ तासांचं नसून सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं, आणि ‘तीन रात्री मारा’ अशा पॅकेजचा हिशोब इथेच फसतो. राहण्याचा कॅम्प राखीव क्षेत्राच्या बाहेर, सेकेनानी किंवा तालेक गेटजवळ असेल आणि पोहोचल्याच्या दुपारी चार वाजता आत शिरलात, तर दोन तासांसाठी पूर्ण २०० डॉलर जातात. तीन रात्रींत मधले दोन दिवसच आत गेलं तर माणशी ४०० डॉलर. पहिली संध्याकाळ आणि शेवटची सकाळही आत काढली तर ८००. कॅम्प राखीव क्षेत्राच्या आत असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी १० पर्यंत बाहेर पडायचं, नाहीतर त्या दिवसाचं तिकीट लागतं. म्हणून कोटेशन आलं की एजंटला एकच प्रश्न विचारायचा: यात प्रवेशाचे दिवस किती धरलेत? उत्तर लेखी घ्यावं.

नैरोबी ते सेकेनानी गेट रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, नारोकमार्गे पाच ते सहा तास. आतले रस्ते मात्र कच्चे, आणि पुष्कळ ठिकाणी जमीन काळी. तिथेही तिला काळी कापसाची माती असंच म्हणतात. विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला ही माती पावसात काय करते ते सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये छत उघडणारी साधी व्हॅन तिच्यात रुतते, तेव्हा जादा पैसे देऊन फोर-व्हील लँड क्रूझर घ्या. कोरड्या दिवसांत व्हॅनने भागतं, फक्त प्रत्येकाला खिडकी मिळेल असं ठरवून घ्या. राखीव क्षेत्रात वाट सोडून गाडी घालायला मनाई आहे. ड्रायव्हरला ‘अजून जवळ घे’ म्हणून गळ घालू नये, दंड त्याच्या माथी येतो. वाट सोडून फिरणं आणि रात्रीची सफारी हवी असेल तर नाबोइशो, मारा नॉर्थ यांसारख्या खासगी कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे राखीव क्षेत्राबाहेरच्या संरक्षित जमिनी, आहेत, पण महाग.

विमानाने जायचं तर छोटी विमानं विल्सन विमानतळावरून सुटतात, मुंबईचं विमान उतरतं त्या जोमो केन्याट्टावरून नाही. सामान हातातल्यासकट १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस विमानाच्या पोटात बसत नाही.

बॅग भरताना प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका, केनियात २०१७ पासून बंदी आहे. ड्रोन घरीच ठेवा, परवानगी नसेल तर विमानतळावर काढून घेतात. प्लग ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लागतोच. जुलै-ऑगस्टची पहाट चांगलीच गार असते आणि गाडीचं छत उघडं, तेव्हा जाड जाकीट आणि कानटोपी हवी. गडद निळे, काळे कपडे टाळा, त्सेत्से माशी त्यांच्याकडे ओढली जाते. मोठी लेन्स असेल तर शिवलेली रिकामी कापडी पिशवी न्या, तिथे दोन किलो तांदूळ भरले की टेकू तयार. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस चालू ठेवायची असते, डॉक्सीसायक्लिन ४ आठवडे, आणि घरी आल्यावर नेमकी तीच राहून जाते.

डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या घ्या, जुन्या नोटा कुणी हातात धरत नाही. शाकाहाराची धास्ती नको. नैरोबीत गुजराती वस्ती जुनी, आणि चपाती-चहा हे शब्द स्वाहिलीतही तसेच आहेत. कॅम्पला मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा, तिथे किराणा दुरून येतो.