गल्लीगल्लीचे घड्याळ

मुंबईत खरेदीला निघताना माझी मामी काय घ्यायचे आहे हे नंतर विचारते. आधी विचारते की जेवायच्या वेळी आपण कुठे असू. बरीच वर्षे मला यात निव्वळ तिची खाण्याची आवड दिसत असे. मामेबहिणीच्या लग्नाच्या खरेदीसाठी तिच्या मागे पिशव्या धरून हिंडलो, तेव्हा लक्षात आले की या जुन्या बाजारांतले खाणे गिऱ्हाइकापेक्षा तिथे राबणाऱ्यांच्या सोयीने मांडलेले असते, आणि म्हणून प्रत्येक गल्लीच्या भुकेची वेळ वेगळी असते.

आम्ही सुरुवात क्रॉफर्ड मार्केटपासून केली. १८६९ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असले तरी टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहू नये. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची शिल्पे जवळच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची आहेत. आंब्याच्या पेट्यांकडे पाहत आत शिरणाऱ्यांपैकी मान वर करणारे थोडेच. समोरच्या ‘बादशहा’ या दुकानातला फालुदा मामीने परतीच्या वाटेवर ठेवला, कारण तिच्या मते गोड पोटात गेले की भाव करताना माणूस ढिला पडतो.

तिथून जवळच मंगलदास मार्केट आहे. छपराखालच्या त्या अरुंद बोळांतून दोन्ही बाजूंनी कापडाचे ताके छताला भिडलेले असतात आणि विक्रेते गाद्यांवर बसून हाका मारतात. इथे रविवारी येऊन उपयोग नाही, कारण बाजार बंद असतो. अस्तराचे कापड घेताना मी मीटरचा भाव ऐकून खूश झालो. मामीने शांतपणे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारला. पन्हा कमी निघाला आणि माझा स्वस्त सौदा महाग ठरला. दुपारी एकच्या सुमारास हाका मंदावल्या, गाद्यांवरच डबे उघडले गेले आणि चहाच्या पेल्यांची जाळी घेतलेली पोरे गर्दीतून वाट काढू लागली. "आता भाव करू नकोस, जेवणाऱ्या माणसाशी घासाघीस करू नये," मामी म्हणाली. आम्ही निघालो.

झवेरी बाजारातली खाऊगल्ली मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटते. सोन्याच्या पेढ्या मुख्य रस्त्यावर आहेत, पण दागिने घडतात ते मागच्या इमारतींतल्या कोंदट खोल्यांत, आणि तिथल्या कारागिरांत बंगालमधून आलेले पुष्कळ आहेत. पेढ्यांवर मात्र गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांचा वावर, त्यांतही जैन बरेच. त्यामुळे गाड्यांवर कांदा-लसणाविना, बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून केलेली पावभाजी सहज मिळते. भाजलेल्या खिचिया पापडावर लोणी, चटणी, टोमॅटो आणि किसलेले चीज घालून देतात. तो उभ्यानेच आणि घाईने खावा लागतो, कारण दोन मिनिटांत त्याचा कुरकुरीतपणा जातो आणि मागे हातगाडीवाला ओरडत असतो. मूगडाळीची भजी मला त्याहून आवडली, हे मामीला अजून मान्य नाही. दुकाने मिटू लागली की ही गल्लीही आवरायला लागते. रात्री नऊला मुद्दाम खायला म्हणून येणाऱ्याचा विरस ठरलेला.

याच्या अगदी उलट मोहम्मद अली रस्ता. क्रॉफर्ड मार्केटपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर असून त्याचे घड्याळ जणू बारा तास मागे आहे. रमझानमध्ये तर मिनारा मशिदीच्या आसपास रोजा सुटल्यानंतर गर्दी वाढू लागते आणि पहाटेच्या सहरीपर्यंत कढया उतरत नाहीत. त्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो, या वेळी खरेदीची यादी न घेता. रस्त्यावर टोप्या, अत्तरे, शेवया आणि चपला यांचा बाजार मालपुव्याच्या धुराइतकाच दाट होता. मी नळी निहारीच्या दुकानासमोर थांबलो. मामी शाकाहारी असल्याने ती पलीकडे फिरनी घेऊन उभी राहिली आणि मधल्या वेळात तिने दोन अत्तरांचे भाव उतरवले.

फिरनीची मातीची परळे तिने तिथेच विसळून पिशवीत टाकली. दिवाळीत तिच्या दारात रांगोळीचे रंग त्यांतच ठेवलेले होते.