तुम्ही विचारलंत म्हणून : दुसरी प्रत

"स्वतः अनुवादांवर पोट भरता, तुमच्या पुस्तकाची पीडीएफ फिरली की चिडता, आणि कॉपी रोखणारं कुलूप प्रत्येक यंत्रात सक्तीचं करा म्हटलं की विरोधात सगळ्यात मोठा आवाज तुमचाच. हे कसं काय?" भाच्यानं हे हसत विचारलं, एका संपादकांनी खवचटपणे, आणि माझे प्रकाशक दर भेटीत काळजीनं विचारतात, "बाई, तुमचं नुकसान तुम्हालाच कळत नाही का?"

कळतं. पीडीएफ फिरते तेव्हा मलाही शिव्या सुचतात. त्यामुळे चोरीचे तोटे मला समजावू नका.

माझं भांडण कशाशी आहे तेवढं नीट ऐका. आपल्या मालाला कुलूप लावणं ही एक गोष्ट. ते कुलूप तोडणं गुन्हा ठरवणं ही दुसरी. अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा मुख्यतः या जातीचा. (त्याच्याच पोटात व्हीएचएस रेकॉर्डरमध्ये कॉपी रोखण्याची सोय सक्तीची करणारं एक कलम होतं, पण ते असो.) आणि कुलपाशिवायचं यंत्र बनवणं-विकणं हाच गुन्हा, ही तिसरी. विचारणारे तिन्हींची खिचडी करतात आणि मग मला विचारतात, चोरांची बाजू का घेता.

खरं सांगायचं तर एके काळी मीही या तिसरीच्या बाजूची होते. डॅट, म्हणजे डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रं, १९८७ मध्ये आली आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांची झोप उडाली. त्यांचा पहिला उपाय अजब होता. गाण्यातूनच ३,८०० हर्ट्झच्या आसपासची एक बारीक फट कापून काढायची आणि ती दिसली की रेकॉर्डरनं थांबायचं. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं तपासून १९८८ मध्ये सांगितलं, यानं आवाज बिघडतो, आणि हे चुकवणंही सोपं आहे. मग तोडगा निघाला एससीएमएस नावाच्या, यंत्रातच बसवलेल्या कुलपाचा. मूळ टेपवरून डिजिटल प्रती हव्या तेवढ्या काढा, पण प्रतीवरून प्रत नाही. १९९२ च्या ऑडिओ होम रेकॉर्डिंग कायद्यानं अमेरिकेत घरगुती यंत्रांना हे सक्तीचं केलं. शिवाय यंत्रावर २ टक्के आणि कोऱ्या टेपवर ३ टक्के स्वामित्वधन. म्हणजे चोरी होणार असं धरून पैसेही घ्यायचे आणि कुलूपही लावायचं. तेव्हा मला हे खटकलं नाही. "एक प्रत पुरे की माणसाला," असं मी मित्रमंडळींत छातीठोकपणे सांगत होते.

आता बाबांच्या टेपबद्दल.

१९९६ मध्ये बाबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं. शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी दादानं डॅटचा डेक मांडला, माइक लावला आणि आम्ही त्यांना बोलतं केलं. दीड तास. नोकरीतल्या गमती, एका साहेबाची नक्कल, मध्येच खोकला. सुरुवातीला ते माइककडे बघून अवघडले होते, मग विसरले. ते पुढे सहा वर्षं जगले, पाटीवर लिहून बोलत. तो आवाज त्या टेपवर होता, आणि दादानं ऑप्टिकल केबलनं काढलेल्या एका प्रतीवर.

मूळ टेप दीड वर्षानं यंत्रानं गिळली. डॅटची टेप जेमतेम चार मिलिमीटर रुंद. गुंडाळी झाली की झालं. राहिली प्रत. १९९९ मध्ये तिच्यावरून आणखी एक काढायला बसलो. केबल लावली, रेकॉर्डचं बटण दाबलं. डेकच्या पट्टीवर हिरवी अक्षरं आली: कॉपी प्रोहिबिट. आकडे हलेनात.

माइकमधून आलेला आवाज आपल्या बापाचा की कुठल्या कंपनीच्या तबकडीवरचा, हे घरगुती डेकला कळायचा मार्गच नाही. म्हणून तो सगळ्यालाच सारखा शिक्का मारतो: एक पिढी चालेल, पुढे नाही. बाबांच्या खोकल्याला एससीएमएसचा शिक्का होता. व्यावसायिक डेकना या कुलपातून सूट होती. ते आमच्याकडे कुठून असणार?

मी हट्टाला पेटले. दादा म्हणाला, "अगं, साध्या वायरनं घे ना, अ‍ॅनालॉग. कानाला काय कळणार आहे?" बरोबर होतं त्याचं. पण ही शेवटची टेप. जशीच्या तशी प्रत हवी, असं माझं. दोन रात्री आम्ही केबली बदलल्या, डेकांची अदलाबदल केली, मॅन्युअल वाचलं. दर वेळी टेप सुरुवातीला आणायची, प्ले, पॉज, तिकडे रेकॉर्ड, पुन्हा तीच हिरवी अक्षरं. पॉजमध्ये टेप थांबते, पण आतला ड्रम मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरतच असतो. टेपची तीच जागा घासत होतो आम्ही. तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका ओळखीच्यांच्या कंप्युटरवर काम झालं. त्यांच्याकडे डिजिटल इनपुट असलेलं साउंड कार्ड होतं. त्या कार्डानं शिक्का पाहिला, न पाहिला, देव जाणे. आवाज आला तसा फाइलमध्ये उतरवला. दीड तासात काम संपलं. घरी येऊन ऐकलं. पहिल्याच मिनिटात बाबा म्हणतात, "थांब, आधी हे ऐक..." आणि मग काहीच नाही. डिजिटल टेप खरखरत नाही; दुरुस्त होण्याइतकं शिल्लक नसलं की ती गप्प होते. चार सेकंद. मग एकदम माझं हसणं, खदखदून. कशाला हसले, ते मला आठवत नाही. दादालाही नाही. बाबांना विचारलं, तर पाटीवर लिहिलं, "काय की."

यावर तुम्ही काय म्हणणार ते पाठ आहे मला. पहिल्याच संध्याकाळी साध्या वायरनं घेतलं असतं तर? हो. ते चार सेकंद माझ्या हट्टानं गेले. कायद्यानं टेप घासली नाही, मी घासली. हे मी रात्री किती वेळा स्वतःला सांगितलंय, ते मोजायला जाऊ नका. पण माझ्याच बापाच्या आवाजाची प्रत काढायला मला आडवाट शोधावी लागली, एवढंही मग मान्य करा. त्या डेकमध्ये बिघाड नव्हता. तो अगदी सांगितल्याप्रमाणे चालत होता.

म्हणून २००२ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज यांनी डिजिटल यंत्रांत कुलूप सक्तीचं करणारं सीबीडीटीपीए विधेयक मांडलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. १९९२ च्या कायद्यानं सर्वसाधारण कंप्युटरला हात लावला नव्हता. मला वाचवलं ते त्याच फटीनं. आता ती बुजवायची होती. डिजिटल रूपातली कृती दाखवणारं, साठवणारं, उतरवणारं कुठलंही यंत्र, सॉफ्टवेअरसुद्धा, विधेयकातल्या यंत्राच्या व्याख्येत बसत होतं. उद्योगांनी बारा महिन्यांत कुलपाचा नमुना ठरवावा, नाहीतर सरकार ठरवेल. ज्याचा कोड कुणीही उघडून बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरमध्ये असलं कुलूप टिकणारच नाही. मग बदलणाराच गुन्हेगार. विधेयक बारगळलं. पुढे टीव्हीच्या प्रक्षेपणात खूण ठेवून यंत्रांनी ती पाळावी, असा नियम एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं, २००३ मध्ये केला, आणि तो लागू व्हायच्या आधीच मे २००५ मध्ये न्यायालयानं उडवला. प्रक्षेपण पोहोचल्यानंतर यंत्रानं काय करावं, हे ठरवायचा अधिकार आयोगाला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

जिंकलो म्हणावं, तर टीव्हीच्या केबलपासून ई-बुकपर्यंत कुलपं आलीच, कायद्याच्या सक्तीवाचून, कंपन्यांच्या आपसातल्या करारांनी. भाचा म्हणतो, "मग तुझ्या विरोधानं काय मिळवलंस, मावशी?" मी म्हणते, करारातलं कुलूप नको असेल तर बिनकुलपाचं यंत्र निदान कुणाला तरी बनवता येतं. तो म्हणतो, "बनवतं कोण?" इथे मी गडबडते. १९९२ मधली मी असते, तर त्याच्याच बाजूनं बोलले असते, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलले असते.

गेल्या वर्षी प्रकाशकांनी नव्या अनुवादाच्या ई-आवृत्तीचा करार पाठवला. फाइलला कॉपीसंरक्षण असेल, असं त्यात कलम होतं. ते काढा म्हणून मी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा सही केली. तेही विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकते.